बाळ बोट का दाखवत नाही?

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारी किंवा मामाच्या गावाला एखादं सव्वा-दीड वर्षाचं बाळ आहे का? असेल तर एक गंमत करा. त्याला कडेवर घ्या आणि दारात उभे राहा. समोरून केळीच्या घडांनी भरलेला ट्रक जाऊ दे, नाहीतर घुंगरं वाजवत बैलगाडी. बाळ काय करतं ते नीट बघा. आधी त्याचे डोळे मोठे होतात. मग इवलंसं बोट गाडीकडे जातं. तोंडातून "ऊं, ऊं!" असा आवाज येतो. आणि शेवटी ते मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघतं.

हे शेवटचं बघणं फार मोलाचं आहे. बाळाला तो ट्रक नको असतो. ट्रक घेऊन ते करणार काय? त्याला एवढंच सांगायचं असतं, की 'मी बघतोय ते तूपण बघ ना!' तुम्ही "हो रे, बैलगाडी! केवढी मोठी!" असं म्हणता, तेव्हा बाळाला दोन गोष्टी एकदम मिळतात. समोरच्या वस्तूचं नाव कळतं, आणि माणसं एकमेकांना काही सांगत असतात हेही कळतं. बोलणं, गोष्ट ऐकणं, शाळेतला धडा, दोस्ती, या सगळ्यांची सुरुवात त्या बोटापासून होते.

पण काही बाळं असं बोट दाखवत नाहीत. बिस्किटाचा डबा हवा असेल तर ती आईचा हात धरतात आणि डब्यावर नेऊन ठेवतात, पण आईच्या तोंडाकडे बघत नाहीत. हाक मारली तरी वळत नाहीत. घरच्यांना वाटतं, याला ऐकू येत नाही की काय? पण पलीकडच्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला, की हेच बाळ धावत येतं! म्हणजे कान तर चांगले आहेत. मग अडतंय कुठं?

याचं उत्तर पुष्कळदा 'ऑटिझम' असं असतं. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. आज आपण त्याचीच माहिती घेणार आहोत. हा लेख आईबाबांनाही वाचायला द्या, कारण यातला काही भाग खास त्यांच्यासाठी आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

आधी एक गैरसमज दूर करू. 'स्वमग्न' या शब्दावरून वाटतं, की हे मूल मुद्दाम आपल्याच नादात राहतं, त्याला कुणी नकोच असतं. तसं नाही. स्वमग्न मुलाला आई हवी असते, दोस्तही हवे असतात. पण दुसऱ्याचा चेहरा, आवाजातला चढउतार, डोळ्यांची खूण यांतून अर्थ काढायचं काम, जे तुम्हाआम्हाला न शिकवता जमतं, ते त्याला एकेक करून शिकावं लागतं.

ऑटिझम हा ताप किंवा गोवर यांसारखा आजार नव्हे. तो कुणाकडून लागत नाही. मेंदूची जडणघडणच जन्माच्या आधीपासून थोडी वेगळ्या रीतीनं होते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जगभरात साधारण शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असतं असा अंदाज आहे. म्हणजे पाच-सहाशे मुलांची शाळा असेल, तर त्या वयाची चार-पाच मुलं तरी गावात असणार. मुलींपेक्षा मुलांमध्ये त्याचं निदान तीन-चार पटींनी जास्त होतं. मुलींच्या बाबतीत ते पुष्कळदा निसटतं. मुलगी गप्प गप्प राहिली, की आपण "किती शहाणी पोर!" म्हणतो आणि पुढं जातो.

दुसरी खूण म्हणजे तेच ते करत राहणं. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचं चाक तासभर फिरवत बसणं, डबे एका रांगेत लावणं, हात फडफडवणं, रोजच्या रस्त्यानं न जाता दुसऱ्या गल्लीतून नेलं की रडून गोंधळ घालणं. काहींना आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, लग्नातला बँड किंवा शाळेची घंटा ऐकली की ती कान घट्ट दाबून घेतात. तुम्हाला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो त्यांना दुखतो.

काही मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात. आईनं रोज "भूक लागली का?" विचारलेलं असतं. मग मुलाला भूक लागली, की तेही आईला म्हणतं, "भूक लागली का?" आपण हसतो. पण विचार करा, त्यानं किती अक्कल लढवली! 'हे वाक्य म्हटलं की पोळी मिळते', हे त्यानं बरोबर ओळखलं आहे.

डोनाल्डची गोष्ट

ऑटिझमची ओळख जगाला नीट झाली ती १९४३ साली. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर नावाचे बालमनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी त्या वर्षी ११ मुलांचं वर्णन एका लेखात लिहिलं. त्याच्या एक वर्ष नंतर व्हिएन्नामध्ये हान्स ॲस्पर्गर यांनी अशाच मुलांविषयी लिहिलं. आणि या दोघांच्याही आधी, १९२५ साली, रशियातल्या डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांच्या नोंदी केल्या होत्या, पण त्यांच्याकडे बरीच वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही.

कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा होता डोनाल्ड ट्रिप्लेट. जन्म १९३३, गाव मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट. हा मुलगा आईकडे बघून हसायचा नाही, वस्तू गरागरा फिरवायचा, आणि आकड्यांचा मात्र त्याला भारी नाद. तो नऊ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला गावापासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. ती दोघं फार शिकलेली नव्हती, पण शहाणी होती. डोनाल्डला मोजायचं वेड आहे ना? मग मक्याच्या ओळी मोजायला लावू! ओळी मोजता मोजता तो औत धरायला शिकला. त्याचं वेड मोडून काढण्याऐवजी त्यांनी ते कामाला लावलं.

पुढं डोनाल्ड शाळेत गेले, १९५८ मध्ये कॉलेजची पदवी मिळवली, घरच्या बँकेत नोकरी केली, मोटार चालवायला शिकले, एकटे देशोदेशी फिरून आले. २०२३ साली, ८९ वर्षांचे असताना ते वारले. गाव त्यांना ओळखत होतं आणि सांभाळून घेत होतं. डोनाल्ड शेवटपर्यंत स्वमग्नच होते, बरं का! बोलणं तुटकच होतं, आकड्यांचा नाद तोच होता. पण त्यांचं आयुष्य सुखाचं झालं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. कॅनर यांनी १९७१ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, त्या ११ मुलांचं पुढं काय झालं याचा शोध घेतला. ज्यांना घरानं, शेतानं किंवा एखाद्या समजूतदार शाळेनं सामावून घेतलं, त्यांतल्या काहींची चांगली वाढ झाली होती. ज्यांना लहानपणीच मोठमोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत टाकलं गेलं, त्यांचं जे काही येत होतं तेही हरपलं होतं. लहानपणी यांतल्या बऱ्याच मुलांमध्ये फारसा फरक नव्हता. फरक पडला तो नंतर त्यांना काय मिळालं त्यानं.

पांझरेचं पाणी आणि मेंदूतल्या चाऱ्या

लवकर निदान का हवं, ते समजून घ्यायला आपल्या खानदेशातलंच एक उदाहरण घेऊ. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फार जुनी फड पद्धत आहे. नदीवर लहान लहान बंधारे, त्यातून निघणारा पाट, आणि पाटातून शेताशेतात जाणाऱ्या चाऱ्या. शेतकरी काय सांगतो? ज्या चारीतून पाणी खेळतं, ती मोकळी राहते. जिच्यात पाणी सोडलंच नाही, तिच्यात गवत माजतं आणि ती बुजते.

बाळाच्या मेंदूतही असंच काहीसं चालतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या पेशी एकमेकींशी प्रचंड वेगानं जोडल्या जातात. दोन वर्षांच्या बाळाचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे चार पंचमांश झालेला असतो. पुढं जे जोड रोज वापरात येतात ते पक्के होतात आणि जे वापरले जात नाहीत ते हळूहळू गळून जातात.

जे बाळ बोट दाखवत नाही, त्याच्याशी घरचे आपोआप कमी बोलू लागतात. उत्तरच येत नाही, तर किती बोलणार? मग बाळाला शब्द आणखी कमी ऐकायला मिळतात. चारीत पाणीच येत नाही. हे चक्र वेळेवर थांबवलं, बाळाला जमेल त्या रीतीनं त्याच्याशी खेळलं-बोललं, तर वाट उघडते. मोठेपणीही चारी उकरता येते, वेळ कधीच संपत नाही. पण तेव्हा कष्ट जास्त पडतात.

कोणत्या वयात काय बघायचं?

ही चौकट आईबाबांनी कापून कपाटाच्या दाराला चिकटवावी.

• नऊ महिने झाले तरी बाळ माणसाकडे बघून हसत नाही, हाकेला वळत नाही.
• एक वर्ष झालं तरी टाटा करत नाही, 'दे' म्हणून हात पुढं करत नाही.
• दीड वर्ष झालं तरी 'ते बघ' असं बोट दाखवत नाही, एकही शब्द बोलत नाही.
• दोन वर्षं झाली तरी 'बाबा ये', 'दूदू दे' असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही.
• आधी येत असलेले शब्द किंवा हसणं-खेळणं कोणत्याही वयात बंद पडलं.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे ऑटिझमच आहे, असं मुळीच नाही. ऐकू कमी येत असेल तरी बोलणं लांबतं. म्हणून सर्वांत आधी कानांची तपासणी करावी. पण 'थांबून बघू' म्हणून वर्ष घालवू नये. शेवटचं लक्षण दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जावं.

"काय घाई शे?"

आपल्याकडे वर्ष जातं ते इथंच. आजी म्हणते, "याचा बापपण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही." काका म्हणतात, "काय घाई शे? मुलगे उशिराच बोलतात." शेजारीण सांगते, "घरात अहिराणी, बालवाडीत मराठी, टीव्हीवर हिंदी. पोरगं गोंधळलंय बिचारं!"

ही सगळी मायेचीच माणसं असतात. पण त्यांचं म्हणणं तपासून घ्यायला हवं. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढं छान बोलतात. मात्र ती मुलं न बोलताही खुणा करतात, बोट दाखवतात, आईच्या डोळ्यांत बघून हट्ट करतात. शब्द नाहीत पण सांगायची ओढ आहे, ही एक गोष्ट झाली. सांगायची खूणच नाही, ही दुसरी.

आणि भाषेचं म्हणाल, तर दोन किंवा तीन भाषा ऐकल्यानं ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. उलट "अहिराणी बोलू नका" असा सल्ला ऐकून आजी नातवाशी बोलायचीच थांबली, तर त्या पोराचं नुकसान होतं. घरात अहिराणी असो, लेवा बोली असो की पावरी, ज्या बोलीत माया करता येते त्या बोलीत भरपूर बोला.

आणखी दोन-तीन गोष्टी आईबाबांनी लक्षात ठेवाव्यात. आईचं काही चुकलं म्हणून ऑटिझम होत नाही. एके काळी 'आई थंड स्वभावाची असली की मूल असं होतं' असं मोठमोठे लोक म्हणत. बर्नार्ड रिम्लँड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, १९६४ मध्ये पुस्तक लिहून ही समजूत खोडून काढली. लसीमुळंही ऑटिझम होत नाही. १९९८ साली एका इंग्रज डॉक्टरनं १२ मुलांवरून तसा दावा केला होता, पण तो खोटा ठरला आणि २०१० मध्ये त्या मासिकानं तो लेखच मागं घेतला. 'महिनाभरात मूल बरं करतो' म्हणणाऱ्यांपासून, मग ते पुडी देणारे असोत की लाखो रुपये घेऊन स्टेम सेलचं इंजेक्शन देणारे, दोन हात लांब राहावं.

बुद्धी मोजायची कशी?

"याला अक्कल कमी आहे का हो?" हा प्रश्न आईबाबांच्या पोटात सारखा ढवळत असतो. त्याचं प्रामाणिक उत्तर असं, की दोन वर्षांच्या मुलाच्या एका चाचणीवरून त्याच्या पुढच्या आयुष्याचं भाकीत करता येत नाही.

समजा, मॅडमनी विचारलं, "चेंडू कुठला ते दाखव." मुलाला चेंडू माहीत आहे. पण 'दाखव' म्हणजे काय करायचं, हेच कळत नाही. गुण शून्य! बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही म्हणून. कॅनडातल्या मिशेल डॉसन, ज्या स्वतः स्वमग्न आहेत, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक मजेशीर गोष्ट दाखवून दिली. त्याच स्वमग्न मुलांना एकदा बोलून उत्तरं द्यायची चाचणी दिली आणि एकदा नुसत्या आकृत्यांची कोडी दिली. कोड्यांमध्ये मुलांचा क्रमांक सरासरी ३० शतमकांनी वर गेला! म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत ती सुमारे तीस मुलांच्या पुढं गेली. मुलं तीच होती, फक्त पट्टी बदलली होती.

मग वाढत्या वयात काय होतं? वेगवेगळ्या मुलांचं वेगवेगळं. अमेरिकेत डॉ. कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांची असताना तपासलेल्या मुलांवर ती विशी ओलांडेपर्यंत लक्ष ठेवलं. काहींची बुद्धिगुणांची रेषा सरळ वर चढली, काहींची हळूहळू चढली, काहींना मोठेपणीही रोज मदत लागते. पाच वर्षांपर्यंत थोडंफार बोलणं आलं, तर पुढची वाट सोपी होते असं दिसलं आहे. पण सुमारे पाव ते एक तृतीयांश स्वमग्न मुलं शाळेच्या वयातही फार थोडं बोलतात. त्यांच्यासाठी चित्रांची कार्डं, खुणा किंवा बोलणारं यंत्र वापरता येतं. बोलता आलं नाही म्हणून सांगण्यासारखं काही नाही, असं समजू नये.

इस्रायलमध्ये २०२२ साली १३१ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचं निदान अडीच वर्षांच्या आत झालं, त्यांच्यात माणसांशी जुळवून घेण्यातली सुधारणा एक-दोन वर्षांत दिसण्याचं प्रमाण उशिरा निदान झालेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये तीन वर्षांच्या आत निदान झालेली २१३ मुलं पाच ते सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा त्यांपैकी ३७ टक्के मुलं निदानाच्या कसोटीत बसत नव्हती. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं. याचा अर्थ 'ऑटिझम बरा होतो' असा घेऊ नका. त्यातल्या कुणाला पुढं वेगळ्या अडचणी येऊ शकतात. आणि उरलेली ६३ टक्के मुलं नापास झाली असंही नाही! अर्थ एवढाच, की दुसऱ्या वर्षी कागदावर लिहिलेला शब्द म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. मूल वाढत असतं, म्हणून दर वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यायचं असतं.

गोव्यातले शिक्षक कोण? आईबाबा!

आता तुम्ही म्हणाल, "हे सगळं बोस्टनला ठीक आहे. आमच्या चोपड्याला किंवा साक्रीला असे तज्ज्ञ कुठून आणायचे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, जळगावहून चारशेच्या वर. दर आठवड्याला एका तासाच्या उपचारासाठी कोण जाणार? त्या दिवसाची मजुरी बुडणार ती वेगळीच.

याचं एक उत्तर गोव्यानं शोधलं. तिथं 'संगत' नावाची संस्था १९९६ पासून काम करते. तिनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या मंडळींनी मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांबरोबर एक प्रयोग केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरी जाणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते साधे, पण शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. ते काय करत? आई आणि मूल खेळत असताना व्हिडिओ काढायचा आणि मग तो आईबरोबर बसून बघायचा. "ताई, इथं बघा. त्यानं चेंडू उचलला आणि तुमच्याकडे एकदा पाहिलं. त्याच वेळी तुम्ही 'चेंडू!' म्हणालात, म्हणून तो हसला." आपलं मूल इतकं काही सांगत असतं, हे अशा वेळी आईला पहिल्यांदा दिसतं.

प्रयोगाच्या शेवटी असं आढळलं, की शिकलेले आईबाप मुलाच्या कलानं प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. सगळंच बदललं असं नाही, पण सुरुवात झाली. आणि त्यासाठी मोठ्या इस्पितळाची इमारत लागली नाही.

घरी करण्यासारखं असं: मुलाच्या शेजारी नाही, समोर बसा. ते जे बघतंय त्याचंच नाव घ्या. ते चाक फिरवत असेल तर तुम्हीही एक चाक फिरवा. लहान वाक्य बोला आणि मग थांबा, मनात पाच अंक मोजा. उत्तर यायला त्याला वेळ लागतो. टीव्ही आणि मोबाईल यांनी ऑटिझम होत नाही, पण त्यांच्यासमोर गेलेला वेळ आईबाबांशी खेळण्यातून वजा होतो, म्हणून ते बाजूला ठेवा.

जळगाव-धुळ्यात कुठं जायचं?

'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' तुम्ही शाळेत पाहिला असेल. डॉक्टरांचं पथक गाडीतून येतं, डोळे, दात, वजन तपासतं. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. ते जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं, आणि त्यांच्या यादीत ऑटिझमही आहे. म्हणून पथक अंगणवाडीत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. "हा बोलत नाही, बोट दाखवत नाही" असं स्पष्ट सांगा. या कार्यक्रमात पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे.

जळगावला आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या बालरोग विभागात जाऊन विचारा. निदान रक्ताच्या तपासणीनं किंवा फोटो काढून होत नाही. तज्ज्ञ मुलाशी खेळतात, त्याला बघतात, आईबाबांना प्रश्न विचारतात. आपल्या देशात त्यासाठी ४० मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टीही तयार केलेली आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं की दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना स्वमग्न मुलांसाठीही आहे. मूल स्वमग्न आहे म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाची चौकशी करा.

वर्गातल्या दोस्तांनो, तुमच्यासाठी!

आता तुमच्याकडे वळू. समजा, तुमच्या वर्गात असा एक मुलगा आहे. तो मधल्या सुट्टीत भिंतीपाशी उभा राहतो. बोलला तर फक्त रेल्वेवर बोलतो. भुसावळ जंक्शनला कोणती गाडी किती वाजता येते, कोणत्या फलाटाला लागते, सगळं तोंडपाठ! मुलं त्याला चिडवतात, मुद्दाम कानाशी ओरडतात, आणि तो रडला की हसतात.

तुम्ही काय कराल?

पहिलं म्हणजे, त्याला 'येडा' म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. दुसरं, त्याच्याशी सरळ बोला. "तू काय शहाणाच आहेस!" असं टोमणा मारून म्हटलं, तर तो ते खरं धरील. तिसरं, एकदम दहा जणांनी त्याला घेरू नका. एकानंच जाऊन म्हणा, "चल, माझ्याबरोबर डबा खा." तो नाही म्हणाला तर राग धरू नका, उद्या परत विचारा. चौथं, त्याच्या रेल्वेतून खेळ काढा. तो स्टेशनमास्तर, तुम्ही गाड्या! डोनाल्डच्या त्या शेतकऱ्यानं मक्याच्या ओळींतून वाट काढली होती. तुम्ही वेळापत्रकातून काढा.

आणि ज्यांच्या घरीच असा भाऊ किंवा बहीण आहे, त्यांच्याशी दोन शब्द. कधी कधी तुम्हाला राग येत असेल. आईचा सगळा वेळ त्याच्यातच जातो. पाहुण्यांसमोर तो ओरडतो, तेव्हा लाज वाटते. असं वाटलं म्हणजे तुम्ही वाईट झालात असं नाही. आईबाबांना सांगा, त्यांना कळेल. आणि हेही लक्षात ठेवा, की त्याच्याबरोबर सगळ्यांत जास्त खेळणारं माणूस तुम्हीच असता. तुम्ही चेंडू टाकून वाट बघता, तो परत टाकतो, तेव्हा 'आता माझी पाळी, आता तुझी' हा माणसामाणसांतला पहिला नियम तो तुमच्याकडून शिकत असतो.

या आठवड्यात हे करा

आपल्या ओळखीच्या एखाद्या बाळाशी रोज दहा मिनिटं समोर बसून खेळा. त्याचं बोट कुठं जातं, ते तुमच्याकडे कधी बघतं, याची वहीत नोंद करा. निदान करायचं काम आपलं नाही, ते डॉक्टरांचं. त्यामुळं कुणाच्या घरी जाऊन "तुमचं बाळ स्वमग्न आहे" असं सांगत सुटू नका! पण काही खटकलं, तर आपल्या आईला हळूच सांगा. आई त्या बाळाच्या आईशी बोलेल. दीड वर्षाच्या वयात कुणाच्या तरी लक्षात आलं, तर त्या बाळाचं शिकणं चार वर्षांच्या वयात नाही, आत्ताच सुरू होईल. आणि तुमच्या वहीतली ती नोंद त्याच्या फार उपयोगी पडेल.